रियासतकारांचा पहिला ग्रंथ

गोविंद सखाराम सरदेसाई यांचे नाव घेताच ‘मराठी रियासती’चे भरभक्कम खंड वाचनालयाच्या कपाटासह डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या ग्रंथराजीचा आरंभ मात्र एका शिक्षकाच्या अडचणीतून झाला, आणि तोही पुण्यात किंवा साताऱ्यात नव्हे, तर बडोद्यास. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी ही गोष्ट अभिमानाने ध्यानी ठेवावी अशी आहे.

सरदेसाईंचा जन्म १८६५ साली रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात, सामान्य स्थितीतील कुटुंबात झाला. रत्नागिरी, पुणे व मुंबई येथे शिक्षण घेऊन १८८८ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८८९ च्या आरंभी श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या सेवेत ‘रीडर’ म्हणून रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे, वाचलेल्याची टिपणे काढणे, हे त्यांचे काम. इतिहासकार होण्याचा संकल्प करून हा तरुण बडोद्यास आलेला नव्हता. नोकरी हवी होती, ती मिळाली. परंतु धनी असा लाभला की, वाचनातून हयगय चालावयाची नाही. मॅकिआव्हेलीचा राजनीतीवरील ग्रंथ आणि सीलीचे इंग्लंडच्या विस्तारावरील पुस्तक यांची मराठी भाषांतरे त्यांनी बडोद्याच्या सेवेतच केली. लेखणी वळणावर आली ती या हुकमी कामातून.

पुढे राजपुत्रांना शिकविण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हिंदुस्थानचा इतिहास शिकवावयाचा, तर मराठीत सलग, विश्वसनीय असे पुस्तकच नाही, ही अडचण रोज पुढे येऊ लागली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली इंग्रजीत निघाला होता. डेव्हिड केपेन यांनी केलेले त्याचे भाषांतर मराठीत होते. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच त्या ग्रंथातील दोष उघडे केले होते. मुसलमानी अमलाविषयी पाहावे, तर एल्फिन्स्टनचा इतिहास, ब्रिग्जने केलेले फिरिश्त्याचे भाषांतर आणि इलियट व डौसन यांचे आठ खंड, सारे इंग्रजीत. शिकविण्यासाठी काढलेली टिपणे वाढत गेली, त्यांना कालक्रम मिळाला, आणि १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. त्यांचा स्वतंत्र म्हणता येईल असा हा पहिला ग्रंथ. त्या वेळी त्यांचे वय तेहतीस वर्षांचे होते.

नवशिक्या ग्रंथकाराला साधने कोठून मिळावीत, हा प्रश्न त्या काळी किती बिकट होता, याची आज कल्पना येणे कठीण आहे. बडोद्याची सेंट्रल लायब्ररी आणि संस्थानभर पसरलेली ग्रंथालयांची चळवळ १९१० नंतरची. सरदेसाईंच्या हाताशी होता तो महाराजांचा खासगी ग्रंथसंग्रह. तोच पुढे लोकांसाठी त्या ग्रंथालयात सामील झाला. अस्सल कागदपत्रे तर सरदारांच्या वाड्यांत, देवस्थानांच्या कोठारांत वाळवीच्या स्वाधीन झालेली. पुण्याच्या पेशवे दफ्तराला सरकारी कुलूप होते. ‘काव्येतिहाससंग्रह’ बरीच वर्षे चालून बंद पडला होता. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी कागद छापावयास नुकताच आरंभ केला होता. आणि ज्या १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ निघाली, त्याच साली वाईस सापडलेल्या पत्रांचा राजवाडे यांचा पहिला खंड बाहेर पडला.

या योगायोगात एक मोठा वाद दडलेला आहे. आधी साधने गोळा करावी, ती छापावी, इतिहास नंतर लिहावा, अशी राजवाड्यांची भूमिका. सरदेसाईंनी वाट पाहिली नाही. जे छापील उपलब्ध होते त्यावर त्यांनी इमारत उभारली. ‘मुसलमानी रियासत’ आज वाचताना ती इतरांच्या ग्रंथांवर उभी आहे हे लपत नाही, आणि संकलनकार म्हणून पुण्याच्या संशोधकांनी त्यांना उणे लेखले, ते सर्वस्वी निराधार नव्हते. पण ते थांबले असते तर सामान्य मराठी वाचकाला आणखी एक पिढी तिष्ठावे लागले असते. प्रस्तुत लेखकाचे मत सरदेसाईंच्या बाजूने झुकते, याचे कारण त्यांचे पुढील वर्तन होय. १९०२ पासून ‘मराठी रियासत’ निघू लागली आणि नवे कागद उजेडात येतील तसतसे आपलेच लिखाण मोडून ते पुन्हा लिहीत गेले. छापलेल्या पुस्तकाचा असा मोह सोडणे सोपे नसते.

फारसी साधनांची उणीव एका मित्राने भरून काढली. १९०४ च्या सुमारास यदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा परिचय झाला. एकाला फारसीचे ज्ञान, दुसऱ्याला मराठी कागदांची जाण. पत्रव्यवहारातून चाललेली ही देवघेव सरकारांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९५८ पर्यंत, अर्धशतकाहून अधिक टिकली.

१९२५ साली सरदेसाई सेवानिवृत्त झाले. त्याच सुमारास जर्मनीत शिकत असलेला त्यांचा पुत्र श्यामकांत कालवश झाला. त्या दुःखाविषयी येथे अधिक लिहिणे अप्रस्तुत. श्यामकांतांची पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, ती वाचकांनी अवश्य पाहावीत. सरदेसाईंनी पुण्याजवळ कामशेत येथे वास्तव्य केले आणि लेखन सोडले नाही. ज्या पेशवे दफ्तराचे दार पहिल्या ग्रंथाच्या वेळी बंद होते, तेच मुंबई सरकारने त्यांच्या हाती सोपविले. त्यातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांनी १९३० ते १९३४ या अवघ्या काळात संपादून दिले. ही गती पाहून काही अभ्यासक साशंक झाले; निवडीबद्दल तक्रारीही झाल्या. तथापि मराठेशाहीवर लिहिणाऱ्याला ते खंड टाळून पुढे जाता येत नाही.

ऐंशी वर्षे उलटल्यावर, १९४६ पासून, त्यांनी मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत सिद्ध केला. १९५७ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी ते निवर्तले. रियासतीचे खंड पुढे स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली नव्याने निघाले.