सशांची धमनी, सशांचे यकृत

हृदयविकाराच्या रुग्णाची पोटाची सोनोग्राफी होते, अहवालात ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून येते आणि घरी गेल्यावर तो सर्वांत आधी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करतो. यकृताला त्रास नको, एवढाच त्याचा हेतू असतो. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत असे रुग्ण मला नेहमी भेटतात. त्यातले काही पुढच्या वेळी थेट अतिदक्षता विभागात भेटतात. अशा वेळी मला निकोलाय अनिच्कोव्ह या रशियन डॉक्टरची आठवण होते.

अनिच्कोव्ह यांचा जन्म १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला. तिथल्याच लष्करी वैद्यकीय अकादमीतून ते १९०९ मध्ये डॉक्टर झाले. वय झाले की केस पिकतात, तशाच धमन्याही कडक होतात आणि त्यावर इलाज नाही, असे त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत. अकादमीतल्याच इग्नातोव्हस्की यांनी १९०८ मध्ये सशांना मांस, अंडी आणि दूध खाऊ घातले, तेव्हा त्या सशांच्या धमन्या खराब झाल्या. दोष प्रथिनांचा असावा, असा त्यांचा तर्क होता.

हा तर्क अनिच्कोव्ह आणि त्यांचे तरुण सहकारी सेम्योन खालातोव्ह यांनी खोडून काढला. त्यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिले आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नुसते तेल दिले. तेलावरच्या सशांच्या धमन्या चांगल्या राहिल्या. कोलेस्टेरॉल खाणाऱ्या सशांच्या महाधमनीत मात्र मेदाचे थर साचले, अगदी माणसाच्या धमनीत दिसतात तसे. १९१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा अनिच्कोव्ह अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

या प्रयोगातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याच सशांच्या यकृतातही मेद साठला होता. खालातोव्ह यांचे लक्ष तर आधीपासून यकृताकडेच होते. म्हणजे धमनीचा आजार आणि यकृतातला मेद, दोन्ही एकाच पिंजऱ्यात दिसले होते.

तरीही जगाने या शोधाकडे काही दशके फारसे लक्ष दिले नाही. इतरांनी हाच प्रयोग उंदीर आणि कुत्र्यांवर करून पाहिला, पण तो जमला नाही. या प्राण्यांचे यकृत जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करून त्याचा निचरा करते. गवत खाणाऱ्या सशावरून माणसाबद्दल काय ठरवायचे, असे म्हणून विषय मिटवला गेला. अनिच्कोव्ह मात्र काम करत राहिले. १९२० मध्ये ते अकादमीत प्राध्यापक झाले. कोलेस्टेरॉलला वाढलेल्या रक्तदाबासारखी इतर कारणे येऊन मिळतात तेव्हा आजार बळावतो, असे त्यांनी मांडले. सशांचा खुराक बदलला की धमनीतला मेद हळूहळू कमी होतो, हेही त्यांनी पाहिले. १९४६ ते १९५३ या काळात ते सोव्हिएत वैद्यकीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. १९५० च्या सुमारास अमेरिकेत जॉन गोफमन यांनी सशांवरच्या प्रयोगांपासूनच सुरुवात करून रक्तातल्या मेदकणांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे अनिच्कोव्ह यांच्या कामाकडे पुन्हा लक्ष गेले.

७ डिसेंबर १९६४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने अनिच्कोव्ह यांचे निधन झाले. त्यांच्याकडे धमनीचे ज्ञान होते, पण तिला वाचवणारी गोळी तेव्हा अस्तित्वात नव्हती. त्याच वर्षी कॉनराड ब्लोख आणि फेओडोर लिनेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीर स्वतःच कोलेस्टेरॉल कसे तयार करते, हे उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. यकृत हा त्याचा एक मुख्य कारखाना आहे.

आजचे उपचार या दोन्ही शोधांवर उभे आहेत. स्टॅटिन गटातली औषधे यकृतातली निर्मिती कमी करतात. एझेटिमाइब आतड्यातून होणारे शोषण अडवते, म्हणजे अनिच्कोव्ह यांच्या सशांच्या शरीरात कोलेस्टेरॉल ज्या वाटेने शिरले तीच वाट. स्टॅटिनने एलडीएल पुरेसे उतरत नसेल, तर दोन्ही औषधे एकत्र देतात. हृदयविकाराच्या अठरा हजारांहून अधिक रुग्णांवरील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सात वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, झटका, पक्षाघात अशा घटना नुसत्या स्टॅटिनवर शंभरातल्या सुमारे ३५ जणांत झाल्या, तर दोन्ही औषधांवर सुमारे ३३ जणांत. फरक छोटा दिसतो, पण रुग्णांची संख्या पाहता तो मोलाचा आहे. यकृतावरच्या दुष्परिणामांत दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता.

ही जोडी फॅटी लिव्हर बरे करते, असा दावा मी करणार नाही. त्यासाठी वजन, साखर आणि दारू यांकडेच पाहावे लागते. पण साध्या फॅटी लिव्हरसाठी कोलेस्टेरॉलची गोळी थांबवण्याचे सहसा कारण नसते. फॅटी लिव्हर असलेल्यांचे सर्वाधिक मृत्यू यकृताच्या आजाराने नव्हे, तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात. मात्र कावीळ, पोटात पाणी होणे, गंभीर सिरॉसिस किंवा यकृताची एन्झाइम्स मर्यादेच्या तिपटीहून वाढलेली असली, तर गोष्ट वेगळी. तो निर्णय तपासणी करून डॉक्टरांनीच घ्यायचा.

अनिच्कोव्ह यांच्या वाट्याला ही औषधे आली नाहीत. आपल्याला ती सरकारी रुग्णालयातही मिळू शकतात. म्हणून सोनोग्राफीचा अहवाल हातात पडला की गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून देऊ नका. अहवाल आणि पट्टी, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे या.