शपथेची किंमत : सर टॉमस मोर

शपथ ही वस्तु हल्लीं फार स्वस्त झाली आहे. कोर्टाच्या आवारांत घटकाभर उभें राहिलें म्हणजे ती किती स्वस्त आहे हें ज्याचें त्यास कळून येतें. पूर्वीं आपल्याकडे बेलभंडार उचलतांना भल्याभल्यांचा हात कांपत असे. आतां साक्षीदार ईश्वराचें नांव घेतो तें बहुधा कारकुनानें सांगितलें म्हणून. अशा काळांत, ज्यानें मस्तक दिलें पण मनास न पटलेली शपथ घेतली नाहीं, अशा एका वकिलाचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. तो धर्मानें ख्रिस्ती आणि ज्यांचें राज्य आम्हीं सोसलें त्या इंग्रजांपैकीं एक. तेवढ्यावरून त्याच्याकडून कांहीं घेऊं नये असें म्हणणारांशीं आमचें जमणार नाहीं.

टॉमस मोर याचा जन्म १४७८ च्या सुमारास लंडन शहरांत झाला. बाप वकील, पुढें न्यायाधीश. मुलानें ऑक्सफर्ड येथें थोडें शिकून बापाच्या इच्छेप्रमाणें कायद्याचा अभ्यास केला. तरुणपणीं कार्थुसियन साधूंच्या मठाच्या सान्निध्यांत राहून, संन्यास घ्यावा कीं संसार करावा, याचा त्यानें बराच काळ विचार केला आणि १५०५ सालीं लग्न केलें. मठ सुटला, मठाची शिस्त सुटली नाहीं. उंची पोषाखाच्या आंत तो केसांचें खरखरीत वस्त्र घालीत असे, आणि तें घरांतील फार थोड्यांस ठाऊक होतें. मुलींस त्यानें मुलाच्या बरोबरीनें लॅटिन व ग्रीक शिकविलें. पुण्यास १८४८ सालीं मुलींची शाळा निघाली तेव्हां शिकविणाऱ्यांवर शेण पडलें. त्याच्या सवातीनशें वर्षें आधींची ही गोष्ट आहे.

१५१६ सालीं त्याचा ‘युटोपिया’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध होऊन तो सर्व युरोपास माहीत झाला. १५२९ सालीं आठव्या हेन्री राजानें त्यास लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राज्यांतील सर्वांत वरिष्ठ न्यायाधिकारी नेमिलें. नजराणे परत करणारा व तुंबलेले दावे झटपट निकालांत काढणारा अशी त्याची ख्याति होती. म्हातारा बाप त्या वेळीं दुसऱ्या कोर्टांत न्यायाधीश होता. रोज आपल्या आसनाकडे जाण्यापूर्वीं मोर तेथें जाऊन सर्वांदेखत गुडघे टेकून त्याचा आशीर्वाद घेई, असें त्याच्या जांवयानें लिहून ठेविलें आहे.

तो निष्कलंक होता असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. ज्यानें आपल्या ग्रंथांतील काल्पनिक बेटांत निरनिराळ्या धर्ममतांस जागा दिली, त्याच्याच अमदानींत इंग्लंडांत सहा जणांस पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यांत आलें, आणि त्यानें त्या शिक्षेचें समर्थन केलें. दुसऱ्याच्या विवेकबुद्धीस त्यानें जी सवलत दिली नाहीं, तीच पुढें त्यास स्वतःसाठीं मागावी लागली.

राजास कॅथरिन राणीस दूर सारून ॲन बोलीन हिच्याशीं विवाह करावयाचा होता. पोप संमति देईना. तेव्हां राजानें इंग्लंडच्या धर्मसंस्थेचें प्रमुखपद आपल्याकडे घेण्याचा घाट घातला. १५३२ च्या मे महिन्यांत पाद्रीवर्ग शरण गेला, आणि दुसऱ्याच दिवशीं मोरनें अधिकारपद सोडलें. उत्पन्न गेलें, घरची मंडळी पांगली. राजाविरुद्ध त्यानें चकार शब्द काढला नाहीं.

१३ एप्रिल १५३४ रोजीं त्यास लॅम्बेथ येथें शपथेसाठीं बोलाविण्यांत आलें. ॲनच्या संततीस गादीचा वारसा देणें हा पार्लमेंटचा अधिकार असून तेवढें मान्य करण्यास तो तयार होता. परंतु शपथेच्या मजकुरांत पोपचा अधिकार झुगारलेला होता, आणि तें ईश्वरास साक्षी ठेवून म्हणणें त्यास शक्य नव्हतें. त्यानें नकार दिला, कारण सांगितलें नाहीं. चार दिवसांनीं तो टॉवरच्या तुरुंगांत पडला. बायको रागावली. लाडक्या मार्गारेट नांवाच्या मुलीनें स्वतः शपथ घेतली होती, तिनेंही परोपरीनें विनविलें. त्यानें तिला दोष दिला नाहीं. इतर कोणास शपथेपासून परावृत्त केलें नाहीं.

येथें आमच्यांतील वकील जागा होतो. मोर मरणास उतावळा नव्हता. ईश्वरानें दिलेली बुद्धि वापरून, कायद्याच्या आड राहून जितकें जगतां येईल तितकें जगावें, असें त्याचें धोरण होतें. नव्या कायद्यानें राजाचें प्रमुखपद दुष्ट हेतूनें नाकारणारें बोलणें राजद्रोह ठरलें. न बोलणें ठरलें नव्हतें. म्हणून तो गप्प राहिला. १ जुलै १५३५ रोजीं खटला चालला तेव्हां मौनाचा अर्थ कायद्यानें संमति असाच होतो, असें त्यानें मांडलें. न्यायासनावर ॲनचा बाप, भाऊ आणि मामा बसलेले! शेवटीं सरकारी वकील रिचर्ड रिच यानें शपथेवर सांगितलें कीं तुरुंगांतील संभाषणांत मोरनें राजाचें प्रमुखपद नाकारलें. मोरनें ती साक्ष खोटी म्हटली. पंचांनीं थोड्याच वेळांत त्यास दोषी ठरविलें. आतां लपविण्याजोगें कांहीं उरलें नव्हतें. तेव्हां प्रथमच त्यानें उघड सांगितलें कीं कोणत्याही ऐहिक राजास ख्रिस्ताच्या धर्मसंस्थेचें प्रमुख करण्याचा अधिकार पार्लमेंटास नाहीं.

६ जुलै रोजीं सकाळीं टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. वधस्तंभाची शिडी डळमळत होती, तीवरही त्यानें विनोद केला. थोडक्यांत बोल अशी राजाची आज्ञा होती. ती त्यानें शेवटची म्हणून पाळली. आपण राजाचे निष्ठावंत सेवक, पण आधीं ईश्वराचे, एवढ्याच अर्थाचें तो बोलला आणि मारेकऱ्यास क्षमा करून मान ठेविली. १९३५ सालीं पोपनें त्यास संतपद दिलें. ज्या चर्चच्या प्रमुखपदावरून त्याचा वध झाला, त्या चर्चच्या पंचांगांतही आतां ६ जुलै त्याच्या नांवें आहे.

रिच १५४७ सालीं त्याच लॉर्ड चॅन्सेलरच्या खुर्चीवर बसला. मोरचें मस्तक लंडन ब्रिजवर टांगलें होतें. तें मार्गारेटनें मिळविलें आणि मरेपर्यंत आपल्याजवळ ठेविलें.