महर्षी कर्वे : बिऱ्हाडातील मैत्री

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेतले की हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ आणि भारतरत्न ही तीन चित्रे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. शाळेतल्या निबंधातही आपण एवढेच लिहीत आलो. परंतु एकशे चार वर्षांच्या या दीर्घ आयुष्यात एक काळ असा होता की अण्णा कर्वे हे मुंबईसारख्या परक्या शहरात राहणारे, फारसे न बोलणारे, कोकणातून आलेले एक गरीब विद्यार्थी होते. त्या काळात त्यांनी मित्र किती जोडले? फार थोडे. पण जे जोडले त्यांच्यामुळे पुढचे सारे घडले. या लेखात मला त्यांच्या चरित्राची ती बाजू सांगावयाची आहे, कारण कॉलेजात नव्याने आलेल्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्यापैकी अनेकांना तीच जास्त उपयोगी आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. समुद्रकाठचे गाव, नारळी-पोफळीच्या बागा, आणि घरची परिस्थिती बेताची. वडील केशवपंत, आई लक्ष्मीबाई. गावातल्या सोमण गुरुजींनी त्यांना अभ्यासाबरोबर लोकांच्या कामाची गोडी लावली. मुलगा हुशार होता, कष्टाळू होता; मात्र स्वभावाने अतिशय भिडस्त. चार माणसांत पुढे होऊन बोलणे त्याला जमत नसे. हा भिडस्तपणा त्यांना जन्मभर पुरला. पुढे त्यांनी हजारो लोकांपुढे भाषणे केली, देशोदेशी फिरून वर्गणी गोळा केली. तरी मुळात ते कमी बोलणारेच राहिले.

त्यांच्या चरित्रातला साताऱ्याचा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असेल. सरकारी नोकरीसाठी लागणारी इयत्ता सहावीची परीक्षा १८७५ साली साताऱ्यास होती. मुरूडहून सातारा शंभर मैलांहून अधिक. पावसाळ्याचे दिवस, वाट कुंभार्ली घाटाची. अण्णा आणि त्यांचे सोबती ही वाट चार दिवसांत पायी तुडवून वेळेवर पोचले. परंतु अण्णांची अंगकाठी इतकी लहान की हा मुलगा सतरा वर्षांचा आहे हे परीक्षकांना पटेना. त्यांनी त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. दुसऱ्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली व ते पास झाले. या प्रसंगातून त्यांची चिकाटी दिसते असे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरेच आहे. पण मला त्यात आणखीही एक गोष्ट दिसते. भांडून आपले म्हणणे पटवून द्यावे हा त्यांचा पिंड नव्हता. अशा माणसाला नव्या गावात मित्र मिळणे किती अवघड जाते हे ज्याचे त्यालाच कळते.

इंग्रजी शिक्षणासाठी ते मुंबईस आले. रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. लग्न होऊन कैक वर्षे झालेली. पत्नी राधाबाई गावी. १८८२ च्या जानेवारीत तर थोरल्या मुलाचा, रघुनाथाचा, जन्म झाला. म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसलेला हा विद्यार्थी वयाने मोठा आणि संसारी होता. भोवतालची कित्येक मुले पंधरा-सोळा वर्षांची. घरून पैसे येण्याची शक्यता नाही. शिकवण्या करायच्या, त्यातून स्वतःचे भागवायचे आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचा. प्रथम विल्सन कॉलेज व नंतर एल्फिन्स्टन कॉलेज अशी त्यांची वाटचाल झाली. शिकवणीहून शिकवणीकडे धावणाऱ्या माणसाला वर्ग सुटल्यावर गप्पांचा अड्डा जमविण्यास वेळ कोठून मिळणार!

येथे थोडे स्वतःविषयी लिहितो, म्हणजे हे चरित्र मला का जवळचे वाटते ते कळेल. माझे बी. कॉम. चे पहिले वर्ष मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरला गेले. वडिलांच्या ओळखीच्या एका यंत्रमागवाल्याकडे सकाळी हिशेब लिहावेत आणि दुपारी कॉलेज करावे असा घरच्यांचा बेत होता. लालबाग भागात मी एक खोली भाड्याने घेतली. माझी शाळा मराठीतून झालेली, आईशी बोलणे कन्नडमधून, आणि वर्गात सगळा व्यवहार हिंदीतून. मुले वाईट नव्हती. पण तास संपला की गावातली मुले आपापल्या घरी जात, आणि मी डबा घेऊन खोलीवर. रविवारी शाही किल्ल्यापासून तापीच्या घाटापर्यंत एकटाच हिंडत असे. दिवाळीला घरी जावे ते परत येऊच नये, असे मनाने घेतले होते. निघताना वडिलांनी दिलेले अण्णांचे चरित्र मी त्या दिवसांत वाचले, आणि त्यात मला नरहरपंत जोशी भेटले.

नरहर बाळकृष्ण जोशी हे अण्णांचे विद्यार्थिदशेतले मित्र. मूळचे देवरुखचे, म्हणजे तेही कोकणातलेच आणि परिस्थितीही सारखीच. ही मैत्री मोठमोठ्या चर्चांतून जुळलेली नव्हती. अभ्यास, काटकसर आणि बिऱ्हाडाचा खर्च यांतून ती वाढली. पुढे अण्णांना थोडीफार मिळकत होऊ लागल्यावर राधाबाई मुंबईस आल्या, आणि कर्वे व जोशी यांनी एकत्र बिऱ्हाड केले. एक चूल, एक हिशेब, सुखदुःख एक. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी भागीदारीचे नियम पाठ करतो. पण भागीदारी म्हणजे काय हे मला त्या बिऱ्हाडाच्या वर्णनाने जास्त समजले. नफा वाटून घेणे कोणालाही जमते. तोटा वाटून घेणारा खरा भागीदार.

या बिऱ्हाडात नरहरपंतांनी आपल्या बहिणीला आणले. तिचे नाव गोदूबाई. वयाच्या आठव्या वर्षी, लग्नानंतर अवघ्या काही महिन्यांत तिला वैधव्य आले होते. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला केशवपन, घरातले कष्ट आणि लोकांची अवहेलना एवढेच येई. नरहरपंतांनी बहिणीला मुंबईस आणले, हीच त्या काळात धाडसाची गोष्ट. गोदूबाईंनी घरकामात हात दिला, राधाबाईंना सोबत झाली, लहान रघुनाथ त्यांच्या अंगाखांद्यावर खेळला. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाईच. पुढल्या वर्षी सदन पुण्यास हलले आणि त्याही पुण्यास गेल्या.

कॉलेजातली दुसरी ओळख गोपाळ कृष्ण गोखले यांची. १८८४ साली दोघेही एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले. अण्णा सव्वीस वर्षांचे, गोखले अठरा वर्षांचे! वर्गबंधूच्या वयात आठ वर्षांचे अंतर असले तर आज आपण त्याच्याशी बोलायलासुद्धा बिचकतो. अण्णांचा विषय गणित. टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर फर्ग्युसन कॉलेजात गणिताच्या शिक्षकाची गरज होती. तेव्हा गोखल्यांना आपल्या या अबोल वर्गबंधूची आठवण झाली आणि १८९१ साली त्यांनी अण्णांना पुण्यास बोलावून घेतले. तेथे अण्णांनी १९१४ पर्यंत गणित शिकविले. वर्गात ज्याने स्वतःला पुढे केले नाही, त्याची योग्यता शेजारच्या बाकावरच्या मुलाने ओळखून ठेवली होती, असेच म्हणावे लागेल.

त्याच १८९१ साली राधाबाई वारल्या. अण्णा तेहेतीस वर्षांचे. पुन्हा लग्न करा म्हणून आप्त मागे लागले. त्या वयाच्या पुरुषाने दहा-अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न लावावे ही तेव्हाची सर्रास रीत. अण्णांनी ठरविले की करावयाचे तर विधवेशीच करावयाचे, नाहीतर नाही. नरहरपंतांचे वडील बाळकृष्णपंत यांच्याशी बोलणे झाले. गोदूबाईंचा विचार घेतला गेला. आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात विवाह झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या आणि पुढे सर्वांच्या ‘बाया’.

मैत्रीची किंमत काय असते ती आता द्यावी लागली. मुरूड गावाने अण्णांवर बहिष्कार घातला. ज्या गावात ते लहानाचे मोठे झाले, त्याच गावातल्या माणसांनी त्यांच्याशी संबंध ठेवणार नाही असे ठरविले. सख्ख्या भावाला आणि म्हाताऱ्या आईलाही त्यांना घरी मोकळेपणाने ठेवून घेता येईना. देवरुखच्या जोशी कुटुंबालाही मुलीचा पुनर्विवाह लावून देणे सोपे गेले नसणार. तरी ते मागे सरले नाहीत. जन्मापासूनच्या ओळखी एका दिवसात तुटल्या आणि मुंबईच्या बिऱ्हाडातली ओळख टिकली.

एवढेच नव्हे, तर ती कामास लागली. अण्णांनी १८९३ मध्येच विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला; रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जमीन दिली आणि तेथे एक झोपडी उभी राहिली. फर्ग्युसनमधले तास संपवून अण्णा सामान खांद्यावर घेऊन चिखलातून चालत हिंगण्यास जात. या आश्रमात बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आल्या. त्याही विधवा. शिकून त्यांनी आश्रमाच्या वर्गणीसाठी गावोगाव फिरण्याचे काम अंगावर घेतले आणि त्यासाठी पुढे त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. म्हणजे एका मित्राच्या घरातल्या दोन बहिणी या संस्थेचे आधारस्तंभ झाल्या. १९१६ साली मोजक्या विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लाखांची देणगी देऊ केली व विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. १९५८ साली, वयाची शंभरी पुरी झाली तेव्हा, अण्णा भारतरत्न झाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी देह ठेवला.

बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा नावाची एक जागा आहे. मोगल काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी शहराला पुरविण्यासाठी ती योजना केली गेली. वरून पाहिले तर माळावर एकामागे एक सुट्या विहिरीच दिसतात. त्यांना कुंड्या म्हणतात. एकीचा दुसरीशी काही संबंध असेल असे वाटतच नाही. पण जमिनीखाली साऱ्या एकाच पाटाने जोडलेल्या आहेत. अण्णांचे चरित्र वाचताना मला त्या कुंड्या आठवतात. बिऱ्हाडातला मित्र, वर्गातला मित्र, शारदा सदन, फर्ग्युसन, हिंगणे, विद्यापीठ : वरून पाहता ही सगळी सुटी, आतून पाणी एकच.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी बुऱ्हाणपूरला परत गेलो. नेपानगरकडच्या एका खेड्यातला वर्गातला मुलगा जागा शोधत होता. त्याला भाडे एकट्याने झेपत नव्हते आणि मलाही झेपत नव्हते. भाडे, दूध, गॅस, डबा असा सगळा खर्च आम्ही एका वहीत लिहू लागलो आणि महिनाअखेर वजाबाकी करून हिशेब मिटवू लागलो. त्याला जमाखर्चाच्या नोंदी अडत, मला हिंदी अडत असे. पहिले पंधरा दिवस त्या वहीपलीकडे आमचे बोलणेही होत नव्हते. पण एकदा मला ताप आला तेव्हा यंत्रमागवाल्याकडे जाऊन माझ्या वाटचा हिशेब तोच लिहून आला, आणि ते वहीत मांडले नाही. घरच्या अडचणीमुळे दुसऱ्या वर्षाला मी इकडे आलो. मैत्री मात्र तेथेच राहिली नाही, ती बरोबर आली. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरलेला आहे. तो त्यानेच मला नेऊन दाखविला होता. मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असलेल्या आपल्या या अंकात हे लिहिताना तो दोन भाषांचा लेख आठवल्यावाचून राहत नाही.

पहिल्या वर्षाला आलेल्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते. आपल्यापैकी कोणी खेड्यातून एसटीने येतो, कोणी नातेवाइकांकडे राहतो, कोणी खोली घेऊन. वसतिगृहातल्यांचे घोळके पाहून आपण मागे पडलो असे वाटते. जास्त मित्र नाहीत म्हणून कोणी खंत करू नये. बोलता येत नाही म्हणूनही करू नये. अण्णांनाही येत नव्हते. खर्च अर्धा वाटून घ्यावा, एखाद्याची अडलेली गोष्ट शिकवावी, आपली अडलेली विचारावी, आणि शेजारच्या बाकावर कोण बसतो ते नीट पाहावे. तेवीस वर्षांच्या त्या बुजऱ्या विद्यार्थ्याने याहून निराळे काही केले नव्हते. त्याने जोडलेल्या एका मित्राच्या घरातून हजारो मुलींच्या शिक्षणाची वाट निघाली.