नाना फडणवीस आणि चार दरबारांची मसलत

साडेतीन शहाण्यांची गोष्ट महाराष्ट्रांतील बहुतेक मुलांस ठाऊक असते. पूर्ण शहाणे तीन, आणि अर्धे शहाणे नाना फडणवीस. कारण ते बुद्धीनें थोर असले तरी तलवार गाजविणारे नव्हते, असें या गणतीचें कारण सांगतात. या अर्ध्या शहाण्यानें सन १७८० मध्यें पुणें, हैदराबाद, म्हैसूर व नागपूर हे आजवर एकमेकांशीं लढत आलेले चार दरबार एका मसलतींत गोंविले, आणि समुद्रापलीकडून आलेल्या कंपनी सरकारास पेंचांत आणिलें. ती मसलत कशी जुळली, आणि दोन वर्षांच्या आंत कशी विसकटली, हें नानांच्या चरित्रांतील अत्यंत मनन करण्याजोगें प्रकरण होय. आम्ही येथें मुख्यतः तेंच सांगणार आहों. बाकीचें चरित्र त्याच्या अनुषंगानें येईल.

नानांचें मूळ नांव बाळाजी जनार्दन भानू. घराणें कोंकणांतील वेळास गांवचें. आजोबा बाळाजी महादेव हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या आश्रयानें पुढें आले व सन १७१९ मध्यें दिल्लीच्या दंग्यांत मारले गेले. पुढें पेशव्यांची फडणिशी या घराण्यांत चालत आली. नानांचा जन्म ता. १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं सातारा येथें झाला. अठरा वर्षांचे असतां ते आई व पत्नी यांसह सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर उत्तरेस गेले, आणि ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावरील संहार त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. अंगावरचे कपडे टाकून, लंगोटी लावून, प्रसंगीं झाडाचा पाला खाऊन ते कसेबसे परतले. पत्नी पुढें सुखरूप आली. आई मात्र कायमची अंतरली. हा वृत्तांत त्यांनीं स्वतः लिहून ठेविला आहे, आणि त्यांत आपली भीति लपविलेली नाहीं. पानिपतावर जाट दूर झाले, रजपूत आलेच नाहींत, आणि एवढें मोठें मराठी सैन्य एकटें पडलें. मित्रांवांचून लढणाऱ्याची गत काय होते, हें नाना त्या कोवळ्या वयांत शिकले असावेत असें आम्हांस वाटतें.

फडणिसाचें काम बाहेरून रूक्ष दिसतें. जमाखर्च, सैन्याची हजेरी व पगार, सनदा, दप्तर, हें सारें त्याच्या नजरेखालून जाई. थोरले माधवराव पेशवे यांच्या हाताखालीं नाना या कामांत तयार झाले. कोणत्या सरदाराचें कर्ज किती, कोणाचा पगार थकला आहे, कोण कोणावर रुसला आहे, हें ज्याला ठाऊक तोच राज्याची नाडी ओळखतो. पुढें नानांनीं हीच रीत परदरबारांसही लाविली. ठिकठिकाणीं त्यांचे वकील असत, आणि प्रत्येक दरबारांतील लहानमोठी बातमी पत्रांतून पुण्यास येई. हैदराबादेहून गोविंदराव काळे यांनीं नानांस लिहिलेलीं पत्रें आजही अभ्यासक आवडीनें वाचतात.

ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले. तेव्हां नाना, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके इत्यादि कारभाऱ्यांनीं एक होऊन त्यांस दूर केलें. हेंच तें बारभाईंचें कारस्थान. ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं नारायणरावांच्या पत्नीस पुरंदरावर पुत्र झाला, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकास, सवाई माधवरावांस, पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्यें सुरत येथें तह करून त्यांनीं फौजेच्या मोबदल्यांत साष्टी व वसई देऊं केली.

येथें वाचकांनीं त्या वेळचें जगाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. इंग्रज अद्यापि या देशाचे राजे झाले नव्हते. ती एक व्यापारी कंपनी होती, आणि मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील तिचे अधिकारी पुष्कळदां परस्परांच्या विरुद्ध वागत. मुंबईकरांनीं केलेला सुरतेचा तह कलकत्तेकरांनीं नाकारला व मार्च १७७६ मध्यें पुरंदर येथें निराळा तह केला, तो यामुळेंच. इकडे सन १७७५ मध्यें अमेरिकेंतील वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या, आणि सन १७७८ मध्यें फ्रान्सही त्या युद्धांत उतरलें. जगांतील सत्तेचा कांटा हालूं लागला होता. सन १७७७ मध्यें सेंट लुबिन नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ पुण्यास येऊन फौज व तोफा देण्याच्या मोठमोठ्या गोष्टी बोलूं लागला, तेव्हां नानांनीं त्याचा थाटानें सत्कार केला. तो गृहस्थ फारसा भरंवशाचा नव्हता, व त्याच्याकडून फौज कधीं आलीच नाहीं. परंतु त्याच्या नुसत्या पुण्यांतील मुक्कामानें इंग्रजांची झोंप उडाली. त्या भीतीनें इंग्रज अधिकच लौकर युद्धास प्रवृत्त झाले, हीही गोष्ट येथें नमूद केली पाहिजे.

मुंबईहून निघालेली, चार हजारांच्या आंतील इंग्रजी फौज घाट चढून तळेगांवपर्यंत आली आणि मराठ्यांनीं तिची रसद तोडली. तोफा तळ्यांत टाकून ती परत फिरली, पण वडगांवापाशीं कोंडली गेली व जानेवारी १७७९ मध्यें तिला तह करावा लागला. कलकत्त्याचे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्स यांनीं तो तहही झुगारून दिला. एक लढाई जिंकून हा शत्रु हटत नाहीं. एका ठाण्यावर हरला तर दुसऱ्या ठाण्याहून येतो, हें नानांच्या पुरतें लक्षांत आलें. तेव्हां त्याच्या तिन्ही ठाण्यांवर एकाच वेळीं भार घालणें हा एकच मार्ग उरला.

पण भार घालावयाचा कोणी? म्हैसूरच्या हैदरअल्लीनें पुण्यांतील घरभांडणाचा फायदा घेऊन कृष्णेच्या दक्षिणेकडील मराठी मुलूख दाबला होता. निजामाशीं तर चौथाईचें जुनेंच वैर. नागपूरकर भोंसले घरचे खरे, पण पेशव्यांचा अंमल मानण्यास नाखूष. नानांनीं प्रत्येकाचें दुखणें ओळखलें. हैदरानें आपल्या छायेखालीं मानिलेलें माहे बंदर इंग्रजांनीं सन १७७९ मध्यें फ्रेंचांपासून घेतलें होतें, म्हणून तो चिडला होता. निजामाच्या भावाकडून मद्रासकरांनीं गुंतूर प्रांत परभारें घेतला, म्हणून निजाम संतापला होता. नानांनीं हैदराकडील मुलूख परत मागण्याचें सोडून दिलें. मराठी दरबारांतील कित्येकांस हें बोंचलें असेल, पण ही सोडलेली मागणी म्हणजेच त्या एकीची किंमत होती, आणि ती देण्याचें धैर्य नानांनीं दाखविलें याबद्दल आम्हांस त्यांचें कौतुक वाटतें. ठरलें तें असें, कीं हैदरानें मद्रासवर, भोंसल्यांनीं बंगालवर व निजामानें पूर्वकिनाऱ्यावर जावें, आणि मुंबईकरांस व गुजराथेंतील इंग्रजी फौजेस पेशवे, शिंदे व होळकर यांनीं तोंड द्यावें.

जुलै १७८० मध्यें हैदर ऐंशी हजारांहून अधिक सैन्यानिशीं कर्नाटकांत उतरला, व सप्टेंबरांत पोलिलूर येथें त्यानें इंग्रजांच्या एका पलटणीचा पुरा नाश केला. मद्रास हादरलें. इकडे वसई डिसेंबरांत इंग्रजांच्या हातीं गेली खरी, पण तेथून बोरघाटापर्यंत चढून आलेला सेनापति गॉडर्ड एप्रिल १७८१ मध्यें हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन व होळकर यांच्या माऱ्यानें मोठें नुकसान सोसून पनवेलीकडे परतला.

आणि याच काळांत मसलतीचे टांके एकेक करून उसवत होते. हेस्टिंग्स यांनीं गुंतूर निजामास परत देवविलें; निजाम स्वस्थ बसला. भोंसल्यांची फौज कटकापर्यंत गेली, पण बंगालवर तुटून पडली नाहीं. तिला द्रव्य देऊन थांबविलें. महादजी शिंदे यांचा ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनीं ऑगस्ट १७८० मध्यें रात्रींतून घेतला व युद्ध त्यांच्याच माळव्यांत नेलें. ऑक्टोबर १७८१ मध्यें महादजींनीं आपल्यापुरता निराळा सलूख केला. जें दुखणें नानांनीं ओळखून औषध दिलें होतें, तेंच ओळखून हेस्टिंग्स यांनीं दुसरें, अधिक गोड औषध दिलें. चौघांपैकीं दोघे खरोखर लढले. ते हैदर आणि पेशवे.

महादजींच्या मध्यस्थीनें ता. १७ मे १७८२ रोजीं साल्बाईचा तह झाला. वसई परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली, रघुनाथरावांस पेन्शन देऊन राजकारणांतून काढलें. हैदरास न विचारतां, त्यानें कर्नाटक सोडावें असेंही त्यांत लिहिलें होतें. नानांनीं या तहावर कित्येक महिने शिक्का केला नाहीं. मित्र रणांत असतां शत्रूशीं तह करणें त्यांस जड वाटलें, कीं हैदराचा धाक दाखवून साष्टी सोडवावी असा हिशेब होता, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. दोन्ही गोष्टी एका मनांत नांदूं शकतात असें आम्हांस वाटतें. ता. ७ डिसेंबर १७८२ रोजीं हैदर वारला, आणि त्यानंतर लौकरच नानांनीं तह मान्य केला.

याच वर्षांत अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं याच इंग्लंडाविरुद्ध आपलें युद्ध जिंकीत आणिलें होतें. त्यांच्यांतही हेवेदावे होते, पैसा नव्हता, आणि फ्रान्सच्या साह्यावांचून त्यांचा निभाव लागणें कठीण होतें. मात्र त्यांचे प्रतिनिधि एका सभेंत एकत्र बसत असत, आणि सन १७८१ मध्यें त्यांचा लेखी करार सर्वांच्या संमतीनें अमलांत आला. ही तुलना सर्वांशीं न्याय्य नाहीं; त्या वसाहतींची भाषा बहुतांशीं एक होती आणि राजाही एकच होता. तरी चार दरबारांचे धनी एकदांही एका ठिकाणीं बसले नाहींत हें विसरतां येत नाहीं. त्यांची एकी नानांच्या पत्रांत होती. कोणी फुटला तर त्यास जाब विचारणारी जागा नव्हती, आणि एकावर ओढवलेला खर्च इतरांनीं वांटून घेण्याची सोय नव्हती. ग्वाल्हेर गेल्यावर महादजींचें नुकसान भरून देण्यास कोण पुढें येणार होतें?

पुढील दहा वर्षांत नानांनीं स्वतःच उलट दिशेनें पाऊल टाकिलें. हैदराचा पुत्र टिपू याच्याशीं सन १७८५ ते १७८७ पर्यंत मराठ्यांचें युद्ध झालें, आणि सन १७९० मध्यें पुणें व हैदराबाद हे दोन्ही दरबार इंग्रजांस मिळून टिपूवर गेले. सन १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहानें टिपूचें अर्धें राज्य गेलें व तिघांनीं वांटून घेतलें. टिपू मराठी मुलुखास उपद्रव देत होता हें खरें. तरी आमच्या मतें नानांच्या हयातींतील सर्वांत महाग पडलेला लाभ हाच. कारण मद्रासच्या इंग्रजांस अडविणारी एकच भिंत होती, व ती अर्धी पाडण्यास आपलाच हात लागला.

मार्च १७९५ मध्यें खर्ड्याच्या लढाईंत शिंदे, होळकर, भोंसले, पटवर्धन असे सर्व मराठे सरदार शेवटचे एकत्र आले व निजामाचा पराभव झाला. दौलताबादेसह मुलूख व तीन कोटि रुपये देण्याचें निजामानें कबूल केलें. पुण्यांत केवढा उत्सव झाला असेल! पण त्या प्रसंगीं तटस्थ राहिलेल्या इंग्रजांखेरीज आपणांस कोणी तारणार नाहीं असें निजामास वाटूं लागलें, आणि सप्टेंबर १७९८ मध्यें तो कायमचा त्यांच्या तैनाती फौजेखालीं गेला.

त्यापूर्वींच नानांचें घर कोसळलें होतें. ता. २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं, वाड्यांतून खालीं पडून झालेल्या दुखापतीनें, एकवीस वर्षांचे सवाई माधवराव वारले. नानांनीं त्यांस फार जपलें. इतकें जपलें, कीं राज्य चालविण्यास त्यांस कधीं मोकळें सोडलें नाहीं. गादी रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव यांच्याकडे गेली. कांहीं काळ नाना महाडास जाऊन राहिले, परत आले, आणि सन १७९७ च्या शेवटच्या दिवशीं दौलतराव शिंद्यांनीं त्यांस दग्यानें धरून अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेविलें. पुढील वर्षीं सुटका होऊन ते पुन्हां कारभारावर आले, परंतु आतां जोडावयास दरबारच उरले नव्हते. मे १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडलें व टिपू मारला गेला. ता. १३ मार्च १८०० रोजीं नाना पुण्यांत वारले. त्यांस पुत्र नव्हता, आणि हाताखालीं तयार केलेला दुसरा नानाही नव्हता.

त्यानंतर अडीच वर्षांनीं, ऑक्टोबर १८०२ मध्यें, यशवंतराव होळकरांनीं पुण्यावर चालून येऊन पेशवे व शिंदे यांच्या फौजेस हरविलें. बाजीराव कोंकणांत पळाले आणि इंग्रजी गलबतांतून वसईस पोंचले. ज्या वसईसाठीं नाना सात वर्षें झगडले होते, तेथेंच ता. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं पेशव्यांनीं तैनाती फौज पत्करण्याच्या तहावर सही केली.