टॉप गिअरमागचा माणूस : लुई रेनॉ

चार गिअरची जुनी व्हॅन शहरात निमूटपणे धावते. तीच द्रुतगती मार्गावर आणली, की ताशी सत्तर किलोमीटरच्या पुढे इंजिन आक्रंदू लागते, डिझेलचा काटा झरझर उतरतो आणि चालकाचा हात नसलेला पाचवा गिअर शोधू लागतो. अशा व्हॅनला पाच गिअरचा बॉक्स बसवून देणारे कारागीर आज अनेक गावांत आहेत. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशी रचना असलेल्या बहुतेक जुन्या व्हॅनमधला तो चौथा गिअर ‘डायरेक्ट’ असतो, हे त्यांना पाठ असते. ही ‘डायरेक्ट’ची युक्ती १८९८ मध्ये पॅरिसजवळच्या एका बागेतील खोपटात जन्माला आली, आणि तीही नव्या मोटारीसाठी नव्हे, तर बाजारात मिळणाऱ्या एका तीनचाकीला सुधारण्याच्या खटपटीतून. ती करणाऱ्या तरुणाचे वय होते एकवीस. नाव लुई रेनॉ.

लुई यांचा जन्म १८७७ मध्ये पॅरिसमधील एका सुखवस्तू व्यापारी कुटुंबात झाला. वडील आल्फ्रेड रेनॉ यांचा बटणे आणि कापडाचा व्यापार होता. थोरले बंधू फर्नां आणि मार्सेल वडिलांच्या पेढीवर रुजू झाले. धाकट्या लुईंचे मन मात्र ना पेढीत रमले, ना शाळेच्या बाकावर. वाफेच्या गाड्या बनविणारे लिऑन सेर्पोले यांच्या कारखान्यात हा मुलगा तासन् तास घुटमळत असे. बियांकूर येथे कुटुंबाचे एक बागेतले घर होते. त्या बागेच्या कोपऱ्यातील खोपट घरच्यांनी त्याच्या हवाली केले, ते बहुधा त्याचा तेलकट पसारा घराबाहेर राहावा म्हणूनच. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. पुढे हजारो पदवीधर त्यांच्या हाताखाली राबले, पण आराखड्यापेक्षा हातातल्या सुट्या भागावर विश्वास ठेवण्याची त्यांची सवय अखेरपर्यंत सुटली नाही.

लष्करी सेवा आटोपून १८९८ मध्ये ते परतले आणि द दिओं-बूतों कंपनीची एक मोटार-तीनचाकी घेऊन कामाला लागले. त्या काळी ही तीनचाकी अतिशय लोकप्रिय होती, पण तिला गिअरबॉक्सच नव्हता. इंजिनाची गती एकाच ठरावीक प्रमाणात मागच्या आसाला मिळे. सपाट रस्त्यावर ते चालून जाई. चढ आला, की स्वाराला सायकलीसारखे पायडल मारून इंजिनाला हातभार लावावा लागे. मोठ्या मोटारींत गिअर होते, पण त्यांचे दुखणे वेगळे होते. पनार-लव्हासॉर पद्धतीच्या गाड्यांत ताकद प्रत्येक गिअरमध्ये दात्यांच्या जोडीतून जाई, मग आडव्या शाफ्टवर आणि तिथून साखळ्यांनी मागच्या चाकांवर. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर घर्षण थोडी थोडी ताकद खाऊन टाकी. साखळ्यांचा खडखडाट, चिखल आणि तुटण्याची धास्ती तर वेगळीच.

लुईंनी तीनचाकीची चारचाकी केली. इंजिन पुढे ठेवले, त्यामागे गिअरबॉक्स, आणि तिथून मागच्या आसापर्यंत साखळीऐवजी सांध्यांचा एक लांब शाफ्ट नेला. गिअरबॉक्समध्ये इंजिनाकडून येणारा आणि चाकांकडे जाणारा असे दोन शाफ्ट त्यांनी एका सरळ रेषेत बसविले आणि बाजूला तिसरा, मदतनीस शाफ्ट ठेवला. पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये ताकद या मदतनीस शाफ्टवरून वळसा घेऊन जाई. तिसऱ्या, म्हणजे सर्वात वरच्या गिअरमध्ये मात्र दोन्ही मुख्य शाफ्ट एकमेकांत अडकून एकजीव होत. इंजिनाचा एक फेरा म्हणजे लांब शाफ्टचा एक फेरा. मधे दात्यांची एकही जोडी भार घेत नाही. गाडी सर्वाधिक काळ ज्या गिअरमध्ये धावते, त्याच गिअरमध्ये सर्वात कमी ताकद वाया जाते. एवढी साधी गोष्ट आधी कोणी का केली नाही, असे आज वाटते. शोध लागून गेल्यावर तसे वाटणे सोपे असते.

या गाडीचे इंजिन होते अवघे पावणेदोन अश्वशक्तीचे. १८९८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला, २४ डिसेंबरला, मित्रमंडळींशी लागलेल्या पैजेपोटी लुईंनी ती मॉन्मार्त्र टेकडीवर जाणाऱ्या लपिक रस्त्यावर घातली. शंभर मीटरला तेरा मीटर असा तिथला चढ. गाडी न थांबता वर चढली. त्याच रात्री बारा जणांनी आगाऊ पैसे देऊन गाड्या नोंदविल्या, असे कंपनीच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते. ९ फेब्रुवारी १८९९ रोजी लुईंनी थेट जोडणीच्या गिअरबॉक्सचे पेटंट घेतले आणि त्याच महिन्यात ‘रेनॉ बंधू’ ही कंपनी उभी राहिली. गंमत अशी, की भांडवल होते मार्सेल आणि फर्नां यांचे. ज्याच्या डोक्यातून सारे निघाले तो धाकटा भाऊ सुरुवातीला भागीदारसुद्धा नव्हता.

मोटारी पाठोपाठ १९०० मध्ये कंपनीची बंद पेटीची छोटी मालवाहू गाडीही आली. दुकानदारांच्या दारात उभी राहणारी व्हॅन रेनॉ कारखान्यातून तेव्हापासून बाहेर पडत आली आहे. इतर कारखानदारांनी तोवर थेट जोडणी उचलायला सुरुवात केली होती. लुई न्यायालयात गेले, जिंकले आणि अनेक कारखान्यांकडून त्यांनी स्वामित्वशुल्क वसूल केले. जे आपले आहे ते आपलेच, ही त्यांची वृत्ती या लढ्यांत पक्की झाली असावी. पुढच्या आयुष्यात तिने त्यांना वैभव दिले, आणि शेवटी तिनेच त्यांचा घात केला.

गाड्यांची जाहिरात शर्यतींतून होत असे. १९०२ च्या पॅरिस-व्हिएन्ना शर्यतीत मार्सेल यांनी कितीतरी अधिक ताकदवान गाड्यांना मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला. वाटेत आल्प्समधील आर्लबर्ग खिंडीचा घाट होता आणि तिथे हलकी गाडी भारी ठरली. पुढच्याच वर्षी, मे १९०३ मध्ये, पॅरिस-माद्रिद शर्यतीत दोघे भाऊ उतरले. लुई वाऱ्याच्या वेगाने बोर्दोला पोचले. तिथे त्यांना कळले, की मार्सेल यांची गाडी प्वातिएच्या दक्षिणेला धुळीच्या लोटात रस्ता सोडून उलटली आहे. दोन दिवसांनी मार्सेल यांनी प्राण सोडला. अपघातांची मालिकाच घडल्याने सरकारने शर्यत बोर्दोतच थांबविली. लुई त्यानंतर शर्यतीत कधी उतरले नाहीत. १९०९ मध्ये आजारी फर्नांही गेले. त्यांचा हिस्सा लुईंनी आधीच विकत घेतला होता. वयाच्या बत्तिशीत सारा कारखाना एकट्याच्या हाती आला, आणि सल्ला देणारे घरात कोणी उरले नाही.

पुढची तीस वर्षे ही विस्ताराची. पॅरिसच्या टॅक्सी, लंडनच्या टॅक्सी, ट्रक, ट्रॅक्टर, विमानांची इंजिने असा पसारा वाढत गेला. १९११ मध्ये ते अमेरिकेत जाऊन हेन्री फोर्ड यांचा कारखाना पाहून आले. परतल्यावर कामगारांच्या प्रत्येक हालचालीला घड्याळ लावण्याचे प्रयोग वाढले आणि १९१२-१३ मध्ये संपही झाले. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या उंबरठ्यावर असताना सुमारे सहाशे टॅक्सी हजारो सैनिकांना घेऊन मार्नच्या आघाडीकडे गेल्या. त्यांतील बहुतेक रेनॉच्या होत्या. लष्करीदृष्ट्या या वाहतुकीचे महत्त्व मर्यादित होते, पण फ्रेंच मनात ती कायमची कोरली गेली. १९१७ मध्ये आलेला एफटी हा छोटा रणगाडा मात्र खरोखर युद्धाचे तंत्र बदलणारा ठरला. वर गोल फिरणारा बुरूज, मागे इंजिन, पुढे चालक, हीच मांडणी नंतर जगभरातील बहुतेक रणगाड्यांनी स्वीकारली. युद्ध संपले तेव्हा लुई रेनॉ राष्ट्रवीर होते.

त्यांच्या स्वभावाचा दुसरा भाग या काळात ठळक झाला. बियांकूरमधले भूखंड एकेक करीत विकत घेऊन त्यांनी कारखाना वाढविला. सीन नदीतील सेगाँ बेटावर १९२९ मध्ये नवा कारखाना उभा राहिला. पोलाद, सुटे भाग, ओतकाम, सारे आपल्याच आवारात व्हावे असा त्यांचा हट्ट असे. बोलणे त्यांना कधीच सहज जमले नाही. उतारवयात तर वाचाच जवळजवळ गेली. प्रतिस्पर्धी आंद्रे सित्रॉएन यांनी १९३४ मध्ये पुढची चाके ओढणारी मोटार बाजारात आणली, तेव्हा लुई आपल्या लांब शाफ्टला आणि मागच्या आसाला घट्ट धरून राहिले. सित्रॉएन त्या खर्चात बुडाले हे खरे. पण तंत्राची दिशा त्यांनी बरोबर ओळखली होती.

लुईंच्या तत्त्वाची ताकद आणि मर्यादा कळायला आजचा व्हॅनचा कारागीरच बरा. थेट जोडणीच्या गिअरमध्ये इंजिन आणि लांब शाफ्ट एकाच गतीने फिरतात, त्यामुळे गाडीचा वेग उरतो तो मागच्या क्राउन-पिनियनच्या प्रमाणावर. जुन्या व्हॅनमध्ये हे प्रमाण ओझे आणि चढ डोळ्यांपुढे ठेवून ठरविलेले असे. शहरातले किंवा घाटातले तीस-चाळीस किलोमीटर हाच तिचा संसार. सलग नव्वदच्या वेगाची कल्पना तिच्या रचनाकारांनी केलेलीच नव्हती. पाच गिअरच्या बॉक्समध्ये चौथा थेटच राहतो आणि पाचवा ‘ओव्हरड्राइव्ह’ असतो, म्हणजे इंजिनापेक्षा शाफ्ट जलद फिरतो. पाचव्याचे प्रमाण ०.८ धरले, तर ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ३५०० फेरे घेत होते, तिथे ते २८०० घेते. आवाज उतरतो, झीज कमी होते, इंधन वाचते. पण ताकद पुन्हा मदतनीस शाफ्टचा वळसा घेते, म्हणजे लुईंनी टाळलेले घर्षण थोडेसे परत येते. आणि इंजिन मुळातच दुबळे असेल, तर किंचित चढ लागताच पाचवा सोडून चौथ्यावर यावे लागते.

बदलाचे कामही दिसते तितके सरळ नसते. नवा बॉक्स लांबीला वेगळा, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा समतोल करून घ्यावा लागतो. तो नीट झाला नाही तर महामार्गावर सारी गाडी थरथरते. क्लच प्लेटच्या मधल्या खाचा नव्या शाफ्टशी जुळाव्या लागतात, बॉक्सचा आधार सरकवावा लागतो, वेगदर्शकाचा दाता बदलावा लागतो. काही जण बॉक्सला हात न लावता फक्त क्राउन-पिनियन बदलतात. ते स्वस्त पडते, पण मग पहिला गिअरही लांब होतो आणि भरलेली व्हॅन घाटात उठविताना क्लच जळू लागतो. शिवाय जी गाडी ताशी सत्तरसाठी बनली, तिचे ब्रेकही सत्तरसाठीच बनलेले असतात, याचा विचार गिअरच्या आधी व्हायला हवा. तो क्वचित होतो.

जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला तेव्हा लुई रणगाड्यांच्या उत्पादनासंबंधी अमेरिकेत होते. ते परत आले. कारखाना जर्मन देखरेखीखाली गेला होता. तो बंद ठेवून यंत्रे जर्मनीला जाऊ द्यायची, की चालू ठेवून जर्मनांसाठी ट्रक बनवायचे, या पेचात त्यांनी कारखाना वाचविणे निवडले. व्यापाच्या काळात तीस हजारांहून अधिक वाहने जर्मनांना मिळाली. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश विमानांनी बियांकूरवर बॉम्ब टाकले. शेकडो नागरिक मृत्युमुखी पडले. लुईंनी कारखाना पुन्हा उभा केला. त्याच्याच एका कोपऱ्यात त्यांचे अभियंते जर्मनांच्या नकळत एका छोट्या मोटारीचा आराखडा करीत होते, हेही तितकेच खरे. पॅरिस मुक्त झाल्यावर त्यांच्यावर शत्रूशी सहकार्याचा आरोप ठेवण्यात आला. २३ सप्टेंबर १९४४ रोजी सदुसष्ट वर्षांच्या, नीट बोलूही न शकणाऱ्या या माणसाला अटक झाली आणि फ्रेनच्या तुरुंगात पाठविण्यात आले. २४ ऑक्टोबरला ते गेले. खटला उभाच राहिला नाही. तुरुंगात मारहाण झाल्याचा संशय कुटुंबीयांनी धरला आणि तो वाद कधीच मिटला नाही. कारखाना वाचविण्याची त्यांची निवड बचाव होती की अपराध, याचा निवाडा त्यामुळे न्यायालयाऐवजी राजकारणाने केला. १६ जानेवारी १९४५ च्या आदेशाने कंपनी जप्त होऊन सरकारी झाली. नातवंडांनी २०११ मध्ये त्याला आव्हान दिले. २०१२ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने हे प्रकरण आपल्या अधिकारात येत नसल्याचे सांगितले.

लपूनछपून आखलेली ती छोटी मोटार ‘४ सीव्ही’ या नावाने १९४७ पासून रस्त्यावर आली. तिचे इंजिन मागे होते, त्यामुळे लांब शाफ्ट गेला. १९५९ मध्ये ‘एस्ताफेत’ ही व्हॅन आली आणि रेनॉच्या कारखान्यातून प्रथमच पुढची चाके ओढणारे वाहन बाहेर पडले. अशा गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये दोनच समांतर शाफ्ट असतात आणि प्रत्येक गिअरमध्ये ताकद दात्यांच्या जोडीतूनच जाते. २००७ मध्ये महिंद्रच्या भागीदारीत नाशिकहून रेनॉची लोगन भारतीय रस्त्यांवर उतरली, तीही याच पद्धतीची. तिच्या पाच गिअरपैकी एकही ‘डायरेक्ट’ नव्हता.