कै. नारायण वामन टिळक व त्यांची मंडळी

टिळक हें नांव कानीं पडतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें लोकमान्यांची मूर्ति उभी राहते, हें साहजिकच आहे. परंतु त्याच काळांत महाराष्ट्रांत दुसरेही एक टिळक होऊन गेले. फुलामुलांचे कवि म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहेत, व त्यांच्या काव्याची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हांस येथें त्यांच्या चरित्राचें एकच अंग पाहावयाचें आहे, आणि त्यासाठीं आधीं एका शब्दाचा विचार केला पाहिजे.

तो शब्द मंडळी हा होय. रस्त्यानें जाणाऱ्यास चर्च म्हटलें कीं इमारत, घंटा व क्रूस एवढेंच दिसतें. पण मराठी पवित्र शास्त्रांत त्या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दास मंडळी हाच प्रतिशब्द योजिलेला आहे. पंगतीस बसलेली ती मंडळी, दिंडीबरोबर निघालेली ती मंडळी, तशीच ख्रिस्ताच्या नांवानें जमलेली तीही मंडळीच! भिंत पडली म्हणून मंडळी मोडत नाहीं. माणसें एकमेकांस परकीं झालीं म्हणजे मात्र उत्तम मंदिरांतही ती उरत नाहीं. टिळकांनीं हा शब्द अक्षरशः खरा मानला व त्यापायीं पुष्कळ सोसलें.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांत करजगांव येथें एका चित्पावन कुळांत झाला. लहानपणींच मातृवियोग घडला. पुढें नाशकास संस्कृताचें अध्ययन, १८८० सालीं विवाह, मग नागपूर, राजनांदगांव अशी भटकंती झाली. स्वभाव उतावळा, पण मन विलक्षण उदार. पैसा हातांत ठरत नसे. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपीय गृहस्थानें त्यांस नवा करार वाचावयास दिला. तें वाचन मनांत मुरत राहिलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

त्या एका दिवसांत त्यांचीं सारीं माणसें गेलीं. जात सुटली, आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू हीं दोघें नातेवाइकांकडे राहिलीं. ज्याला माणसांवांचून क्षणभर करमत नसे, त्याच्या वांट्यास कित्येक वर्षें एकटेपण आलें. अखेर लक्ष्मीबाई परत आल्या, परंतु आपलें सोवळें घेऊन आल्या. त्यांचें अन्नपाणी वेगळें राहिलें, आणि टिळकांनीं तें तसें राहूं दिलें. उतावळ्या माणसानें इतका धीर धरावा, हें आम्हांस त्यांच्या कोणत्याही कवितेपेक्षां कमी वाटत नाहीं. पुढें राहुरीस असतांना, जातिभेद मनुष्यानें केला आहे, देवानें नव्हे, असें लक्ष्मीबाईंच्या मनानें आपण होऊन घेतलें, व १९०० सालीं त्यांचाही बाप्तिस्मा झाला. हा सर्व वृत्तांत त्यांच्या स्मृतिचित्रांत आहे. वरच्या वर्गांतील मुलींनीं व त्यांच्या मातांनींही तो ग्रंथ अवश्य वाचावा.

अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेंत होते. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या वेळीं उपासनेंत म्हटलीं जाणारीं गीतें बहुतांशीं इंग्रजीवरून केलेलीं व विलायती चालींचीं असत. शब्द मराठी, पण कान परके! खेड्यांतील म्हातारीस तीं आपलीं कशीं वाटावीं? टिळकांनीं अभंग, पदें, भजनें रचलीं. टाळ-मृदंगास व कीर्तनास उपासनेंत मान दिला. आपणांस ख्रिस्तचरणांशीं येण्यास तुकोबांचें साह्य झालें, हें त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. मराठी उपासना-संगीतांत त्यांचीं गीतें शंभरांहून अधिक आहेत.

आतां आमच्या खानदेशाकडे येऊं. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें झालीं. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९०७ त, जळगांवास पहिलें कविसंमेलन भरलें. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर होते; टिळकही तेथें होते. धरणगांवांत जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नांवाचा अवघ्या सतरा वर्षांचा मुलगा तेथें कविता म्हणावयास उभा राहिला, आणि बालकवि हें नांव त्यास तेथेंच मिळालें. शाबासकी देणारे त्या सभेंत अनेक असतील, पण टिळकांनीं त्या मुलास पुढें आपल्या नगरच्या घरीं नेलें. तेथें तो घरच्या मुलासारखा राहिला. तो हिंदु होता व हिंदूच राहिला. म्हणून त्या घरांतील माया उणी झाली नाहीं. टिळकांची मंडळी कशी होती असें कोणीं विचारिल्यास आम्ही प्रथम हेंच घर दाखवूं.

परंतु घरापुरतें हें करून त्यांचें समाधान होईना. ख्रिस्तावर प्रेम करणारे, पण घरदार व समाज सोडण्यास न धजणारे किती तरी लोक त्यांस भेटत. त्यांना उंबऱ्याबाहेर उभें करून मंडळी पुरी होते काय, हा प्रश्न त्यांना जाळीत होता. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी सेवा सोडली, संन्याशाची वृत्ति धरिली, व साताऱ्यास देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यांत बंधु म्हणून बसावयाचे होते. कित्येकांस यांत धोका दिसला. आम्ही स्वतः बाप्तिस्म्यास गौण मानीत नाहीं, व ही शंका अगदींच निराधार होती असें म्हणणार नाहीं. तथापि वयाच्या छपन्नाव्या वर्षीं हातचें वेतन सोडून देणाऱ्या त्या पुरुषाशीं वाद घालण्यापूर्वीं आपण काय सोडलें आहे, हें ज्यानें त्यानें पाहावें.

दरबारास फार दिवस लाभले नाहींत. ५ मे १९१८ रोजीं जळगांवाजवळ भादली स्टेशनावर आगगाडीच्या अपघातांत बालकवि गेले, आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांनीं देह ठेविला. त्यांच्या मागें दरबार टिकला नाहीं. अपुरें राहिलेलें ख्रिस्तायन मात्र लक्ष्मीबाईंनीं पुढें नेऊन पुरें केलें. शाळेंत न गेलेल्या त्या बाईंनीं त्याचा बहुतेक भाग स्वतः रचिला.

गीतेंही राहिलीं. आमच्या शाळेच्या सकाळच्या प्रार्थनेंत तीं रोज म्हटलीं जातात. म्हणणाऱ्या मुलांपैकीं बहुतेकांचा बाप्तिस्मा झालेला नाहीं. पुष्कळांस कर्त्याचें नांवही ठाऊक नसतें. पण चाल कोणी चुकत नाहीं.