लक्ष्मीबाई टिळक

‘स्मृतिचित्रे’तला एखादा धडा आपल्यापैकी पुष्कळजणींनी शाळेत वाचला असेल आणि वाचताना हसूही आले असेल. पण ते लिहिणारी बाई देवापर्यंत कोणत्या वाटेने गेली, हे त्या हसण्यात राहून जाते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे झाला. माहेर गोखल्यांचे. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे! अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक कवी, मनाचे उदार, पण भारी तापट. एका जागी त्यांचे पाऊल ठरत नसे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकोला लिहावाचायला मात्र त्यांनीच शिकवले.

१८९३ साली आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाशी टिळकांचे बोलणे झाले. त्याने नवा करार हाती दिला. दोन वर्षांनी, १८९५ साली, टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून घर मोडले. लहान दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने पंढरपुरात दिवस काढायचे आणि रडायचे. त्या काळी तसल्या बाईकडे लोक कसे पाहात असतील, ते सांगायला नको.

पुढे त्या अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) नवऱ्याकडे आल्या, पण सोवळे सोडले नाही. टिळकांचा धर्म एक, बायकोचा दुसरा. मला विशेष वाटते ते येथे. एरवी शब्दाशब्दाला चिडणाऱ्या या माणसाने धर्माच्या बाबतीत बायकोवर जुलूम केला नाही. तिच्या सोवळ्याची सोय लावली आणि वाट पाहिली. राहुरीस असताना लक्ष्मीबाईंच्याच मनात आले, की माणूस देवाने केला, मग ही जात कोणी केली? तेव्हापासून त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. आधी शिवाशीव गेली आणि मग १९०० साली बाप्तिस्मा झाला.

नंतर दोघांनी मिळून प्लेगच्या रोग्यांची सेवा केली, अनाथ मुले सांभाळली. पुढे कवी बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी मुलासारखे राहिले आणि त्यांचा धर्म त्यांच्यापाशीच राहिला. टिळकांनी ख्रिस्ती मंडळींना आपल्या अभंग-कीर्तनाची गोडी लावली. १९१७ साली त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही त्यात भावंडांसारखे एकत्र येऊन भक्ती करावी, असा त्यांचा मानस होता.

१९१९ साली मुंबईस टिळक वारले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ जेमतेम दहा अध्यायांवर अडले होते. ते हाती घेणार कोण? मोठमोठे पंडित होते, पण घेतले पन्नाशी उलटलेल्या लक्ष्मीबाईंनी! ज्या धर्मापायी संसार मोडला म्हणून डोळे गाळले, त्याच धर्माचे काव्य त्या लिहीत बसल्या. मधूनमधून ‘स्मृतिचित्रे’ही चालली होती; त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. १९३६ साली त्या गेल्या, तेव्हा आठवणींचा शेवटचा भाग राहिला होता. तो मुलाने, देवदत्तने, पुरा केला. ‘ख्रिस्तायन’ मात्र त्यांनी पुष्कळ पुढे नेले होते. नवऱ्याच्या दहा अध्यायांपुढे त्यांचे चौसष्ट अध्याय आहेत.